ऐंशीच्या पुढे चाकातून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतोय? टायर की बेअरिंग, हे कसं ओळखायचं

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून टाकली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

आजचा प्रश्न गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. गावात गाडी अगदी शांत चालते. पण हायवेला लागलो, काटा ऐंशीच्या पुढे गेला की खालून कुठून तरी ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो. वेग कमी केला की थांबतो. कुणी सांगतं बेअरिंग गेलं, कुणी म्हणतं टायर बदला, कुणी अलाइनमेंट करून घ्यायला सांगतं. तिन्ही करून पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो, असंही पुष्कळ वेळा होतं.

खुलताबादकडच्या गाड्यांना हा प्रश्न जास्त छळतो, कारण एकाच दिवसात त्या तीन तऱ्हेच्या रस्त्यांवरून जातात. सकाळी काळ्या मातीचा शेतरस्ता, मग दौलताबादचा घाट, आणि पुढे माळीवाड्याला वर चढलं की समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा नागपूर–मुंबई रस्ता ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. तिथे सपाट भागात कारला १२० ची मर्यादा आहे. म्हणजे गावात चाळीसने फिरणारी गाडी अर्ध्या तासात शंभरला पोहोचते. चाकात जे काही बिघडलेलं असेल ते तिथेच उघडं पडतं, आणि ते धोक्याचं असेल तर तिथेच महागात पडतं.

तर आजच्या भागाचं सूत्र एवढंच: आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो, ते बघा. ‘घूं’, ‘गूं’, ‘घर्र’ यावरून निदान होत नाही, कारण खराब टायर आणि खराब बेअरिंग जवळजवळ सारखेच घुमतात. पण वळणावर, वेगळ्या रस्त्यावर, ब्रेकवर, गियर बदलल्यावर दोघं वेगळे वागतात.

## आधी हे: कोणत्या आवाजाला लगेच थांबायचं

पुढचं सगळं नंतर ऐकलं तरी चालेल, हे मात्र लक्षात ठेवा.

एक. ‘धड-धड-धड’ असा ठोका, वेगाबरोबर वाढणारा, आणि त्यासोबत गाडी डुलल्यासारखी वाटते. चाकाचे नट सैल झाले असतील किंवा टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटत असेल. पहिल्यात चाक निघू शकतं, दुसऱ्यात टायर फुटतो.

दोन. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आणि स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा. बेअरिंग शेवटच्या अवस्थेत असू शकतं.

तीन. जळका वास, किंवा एका चाकातून धूर. ब्रेक चिकटला असेल.

या तिन्ही वेळी ब्रेक दणकून मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर द्या, डावीकडे या आणि थांबा. समृद्धीवर थांबावं लागलं तर गाडी पूर्ण कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा, सगळ्यांना खाली उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा, आणि हेल्पलाइनला फोन करा. भरधाव रस्त्याच्या कडेला बसून उजव्या बाजूचं चाक स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नका.

## हा आवाज वेगातच का येतो?

थोडं गणित करू. लहान कारला बऱ्याचदा १८५/६५ आर १५ या मापाचा टायर असतो. त्याचा परीघ साधारण १.९५ मीटर. गाडी शंभरने चालली की ती एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं.

आता चाकात एकाच जागी वजन जास्त असेल तर सेकंदाला १४ झटके बसतात. माणसाचा कान साधारण सेकंदाला २० कंपनांच्या खालचं ऐकतच नाही. म्हणून बॅलन्सिंग बिघडलेलं चाक ऐकू येत नाही, ते हातात थरथर बनून जाणवतं.

बेअरिंगमध्ये मात्र गोळ्या बऱ्याच असतात. बाहेरच्या कडीला एक खड्डा पडला असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात त्यावरून चार-पाच गोळ्या जातात. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर ठोके. तो झाला खोल ‘घूं’. टायरच्या नक्षीचे ठोकळे एका फेऱ्यात साठ-सत्तर रस्त्यावर आपटतात, म्हणजे सेकंदाला नऊशेच्या आसपास. नक्षी समान झिजलेली असेल तर तो एकसारखा सळसळाट असतो. ती वेडीवाकडी झिजली की त्यातूनही ‘घूं’ निघतो, आणि इथेच मेकॅनिकसुद्धा फसतात.

म्हणून पहिली विभागणी ही: हाताला थरथर की कानाला आवाज? स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. आणि ही थरथर ऐंशी ते शंभरच्या मध्ये येऊन पुढे कमी होत असेल, तर आधी बॅलन्सिंगकडे बघा.

## गाडी उभी असतानाची पाच मिनिटं

खडी. नक्षीत अडकलेला खडा ‘टिक-टिक-टिक’ करतो आणि वेगाबरोबर जलद होतो. स्क्रू-ड्रायव्हरने काढा. खड्याऐवजी खिळा निघाला तर मात्र उपसू नका, पंक्चरवाल्याकडे जा.

माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलात की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. बाहेरून दिसत नाही. समजा ३० ग्रॅमचा लपका एका जागी राहिला. पन्नासच्या वेगाला तो चाकाला साधारण एक किलोच्या वजनाएवढा ओढा देतो. शंभरला हा ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. आणि तो सेकंदाला १४ वेळा दिशा बदलतो. पावसाळ्यानंतर अचानक स्टेअरिंग थरथरायला लागलं असेल तर बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिमची आतली बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. कित्येकदा काम तिथेच होतं.

टायरचा फुगा. बाजूच्या भिंतीवर, आतून आणि बाहेरून, हात फिरवा. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आपटल्यावर आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही. तो टायर हायवेला न्यायचा नाही, स्टेपनी लावायची.

नक्षीवर तळहात. टायरच्या नक्षीवर हात आधी एका दिशेने फिरवा, मग उलट दिशेने. एकीकडे गुळगुळीत आणि उलटीकडे करवतीच्या दातांसारखं लागलं, तर तो टायर घुमणारच. असं बहुतेक वेळा अलाइनमेंट बिघडल्यामुळे किंवा टायरची अदलाबदल वेळेवर न केल्यामुळे होतं. ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट भाग लागले तर शॉकअप थकलेत का बघा.

खोली आणि वय. नक्षीच्या खाचेत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की कायद्यानेही तो टायर संपला. आणि बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुन्या टायरचं रबर कडक होतं, त्यामुळे तो आवाजही जास्त करतो आणि पावसात पकडही कमी देतो.

नट. पंक्चर काढल्यानंतर किंवा चाक उतरवल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर सगळ्यात आधी पाना लावून नट बघा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात, ओळीने नाही. निमुळती बाजू रिमकडे. पाच नट असतील तर एक सोडून एक. शेवटचं आवळणं गाडी जॅकवरून खाली घेतल्यावर. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. पान्यावर उभं राहून आवळायची सवय चुकीची आहे, त्याने आटे ताणले जातात. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

## रस्त्यावरची चाचणी

इथे दोन माणसं पाहिजेत. एकाने फक्त चालवायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. ऐकणाऱ्याने पुढे बसून ऐकावं, मग मागे बसून ऐकावं, कारण आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरतो आणि मागचं चाक पुढून वाजल्यासारखं वाटू शकतं. एसी, पंखा, गाणी बंद. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. गियर. मोकळ्या सपाट रस्त्यावर साठचा वेग धरा, आधी चौथ्या आणि मग पाचव्या गियरमध्ये. वेग तोच, इंजिनचे फेरे वेगळे. आवाज बदलला तर तो इंजिनकडचा. तसाच राहिला तर तो चाकाकडचा. काही जण यासाठी गाडी न्यूट्रल करतात. घाटात तर ते अजिबात करू नका, इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

२. रस्ता. ही चाचणी आपल्या भागात सगळ्यात सोपी आहे. समृद्धीचा पृष्ठभाग मुख्यतः सिमेंट काँक्रीटचा आहे आणि पकड मिळावी म्हणून त्यावर बारीक खाचा असतात. जुना डांबरी रस्ता त्यापेक्षा मऊ वाजतो. काँक्रीटवरून डांबरावर आलात, वेग तोच ठेवला, आणि आवाज एकदम निम्मा झाला किंवा त्याचा सूर बदलला, तर तो टायरचा. रस्ता बदलला तरी ‘घूं’ जसाच्या तसा राहिला, तर संशय बेअरिंगवर.

पहिल्यांदाच समृद्धीवर गेलेल्या काहींना वाटतं की गाडीत बिघाड झाला. खरं तर तो काँक्रीटचा आवाज असतो. म्हणून एकाच रस्त्यावर ऐकून निकाल देऊ नका.

३. वळण. लांबलचक, सौम्य वळण निवडा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. डाव्या वळणावर आवाज वाढला आणि उजव्या वळणावर दबला, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर बोट ठेवा. उलट झालं तर डाव्या. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, पण शंभर टक्के नाही. पुढे जॅकवर खात्री करायचीच.

दौलताबादच्या घाटात वेग कमी असतो, त्यामुळे मोठा ‘घूं’ तिथे येईलच असं नाही. पण घाटाचा वेगळा उपयोग आहे. कडेला दरड किंवा भिंत असेल तिथे काच खाली करा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि त्या बाजूच्या चाकाचं घासणं, टिकटिकणं स्पष्ट ऐकू येतं.

४. ब्रेक. मागे कुणी नाही हे बघून ब्रेकचं पेडल अगदी हलकं दाबा. ‘चीं’ किंवा ‘खर्र’ हा आवाज त्या क्षणी थांबला किंवा वाढला तर तो ब्रेकचा आहे: पॅड संपत आले असतील, किंवा डिस्क आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये खडा अडकला असेल. ब्रेक मारतानाच स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्क समान जाडीची राहिलेली नाही. घरी आल्यावर चारही रिमजवळ तळहात न्या, लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घासतंय.

५. ॲक्सिलरेटर. दाबल्यावर घुमतं आणि सोडल्यावर थांबतं, तर गियरबॉक्सकडे बघा. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना ‘कट-कट-कट’ येत असेल तर पुढच्या एक्सलचा जॉइंट, त्यातही त्याचं रबरी बूट फाटलंय का ते बघा.

६. वारा. नव्वदच्या पुढेच शिट्टी किंवा फडफड येते आणि समोरून ट्रक गेला की बदलते? तर चाक सोडा. वरचं कॅरियर, दाराचं रबर किंवा चाकावरचं सुटलेलं प्लास्टिकचं आवरण तपासा.

## घरी आल्यावर: खात्री

टायरवर संशय असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघा. आवाजाची जागा बदलली, तर टायर. बदलली नाही, तर बेअरिंग. टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचे, डावे-उजवे करायचे नाहीत.

बेअरिंगसाठी जॅक लागतो. सपाट, टणक जागा, हँडब्रेक, गियर, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडीखाली पक्का स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. मग चाक वरून आणि खालून धरून हलवा. डुगडुगलं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. फक्त डाव्या-उजव्या बाजूने धरल्यावर हललं तर स्टेअरिंगचे जॉइंट. त्यानंतर, जे चाक मोकळं फिरतं ते हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवते. जात्यात खडा आल्यासारखं लागतं.

एक लक्षात घ्या: चाक हलत नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं नाही. सुरुवातीच्या अवस्थेत ते घट्टच असतं, फक्त घुमतं. स्प्रिंगवरचा हात तिथे जास्त खरं सांगतो.

## श्रोत्यांना नेहमी पडणारे प्रश्न

बेअरिंगचा आवाज आहे, पण लग्नसराई आहे. महिनाभर चालेल का?
किती दिवस चालेल हे कुणीच सांगू शकत नाही. काही बेअरिंग महिनोन् महिने घुमतात, काही आठवड्यात संपतात. शेवटी चाकाला ढिलेपणा येतो, चाक तापतं, अडकू शकतं किंवा हबसकट सुटू शकतं. बदलेपर्यंत गावात, कमी वेगात, कमी ओझ्याने चालवा. पाच माणसं आणि सामान भरून समृद्धीवर नेऊ नका.

ग्रीस भरून भागेल का?
आजच्या बहुतेक कारमध्ये पुढचं बेअरिंग बंदिस्त असतं, त्यात ग्रीस भरायची सोयच नाही. जुन्या आणि मालवाहू गाड्यांमध्ये उघडं रोलर बेअरिंग असेल तर ते धुऊन, ग्रीस भरून, नट योग्य आवळून वापरता येतं. पण त्यावर खड्डे पडले नसतील तरच.

दोन्ही बाजूंची बदलायची का?
जे खराब आहे तेच. आणि ते प्रेसवर बसवून घ्या, हातोड्याने ठोकून नाही. ठोकताना गोळ्यांचा मार बाहेरच्या कडीला बसतो आणि नवं बेअरिंग काही दिवसांत घुमायला लागतं. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये सेन्सरची चुंबकीय कडी बेअरिंगच्या एका बाजूलाच असते. बेअरिंग उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि एबीएस चालत नाही.

अलाइनमेंट केली तरी आवाज आहे.
साहजिक आहे. अलाइनमेंटने पुढची झीज थांबते. आधीच करवतीसारखा कापला गेलेला टायर त्याने सरळ होत नाही. त्याला मागे टाकून काही हजार किलोमीटर चालवला तर कधी कधी आवाज कमी होतो, नाही तर टायर बदलावा लागतो.

समृद्धीवर टायर तापतात, म्हणून हवा थोडी कमी ठेवावी का?
नाही. याच समजामुळे टायर फुटतात. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त दबतात-उठतात आणि त्यातूनच उष्णता तयार होते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेली हवा ठेवा, गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. सकाळी, टायर थंड असताना मोजा. गरम टायरची हवा काढू नका.

## गॅरेजमध्ये काय सांगायचं

“बेअरिंग बदला” असं सांगत गेलात तर बेअरिंग बदललं जाईल. त्याऐवजी लक्षणं सांगा. उदाहरणार्थ: “साठला सुरू होतो, ऐंशीला वाढतो. गियर बदलला तरी तोच. डांबरावर आणि काँक्रीटवर सारखाच. डाव्या वळणावर वाढतो. ब्रेकने फरक नाही.” एवढ्या पाच वाक्यांत जाणता मेकॅनिक उजव्या बाजूच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो आणि फक्त पुढचं की मागचं एवढंच बघतो. आणि हो, मेकॅनिकला शेजारी बसवून तोच आवाज, त्याच वेगाला ऐकवा. गॅरेजच्या दारात उभी असलेली गाडी ऐंशीचा आवाज करत नाही.

काम झाल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून बघा आणि काढलेला पार्ट मागून घ्या. बेअरिंग हातात धरून फिरवलं की खरखर बोटाला कळते. ती कळली नाही, आणि आवाजही गेला नाही, तर पैसे चुकीच्या जागी गेले.

तर लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं चाकांजवळ बसा. चारही टायरवर हात फिरवा, नटांना पाना लावा, हवा मोजा. आजच्या भागात इतकंच. तुमच्या गाडीचा आवाज कशाने बदलतो ते लिहून पाठवा, सोबत वेग आणि रस्ता जरूर लिहा. पुढच्या भागात भेटू.